भाड्याचे विमान आणि सद्भाव

बेळगावजवळ सांबरे येथील विमानतळ १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलाने बांधला. त्या विमानतळाच्या कुंपणाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्या विमानांकडे तासन् तास पाहणारा आमचा एक भाचा होता. आज तो अमेरिकेत विमान चालविण्याचे शिक्षण घेत आहे. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठी निदान २०० तासांचे उड्डाण पदरी असावे लागते आणि त्यांपैकी १०० तास तरी विमानाचा प्रमुख या नात्याने केलेले असावे लागतात. हे तास भरून काढण्याकरिता विद्यार्थ्याला विमान तासाच्या दराने भाड्याने घ्यावे लागते. पूर्वी आपल्याकडे सायकल जशी तासावर मिळत असे, तसेच तेथे लहान विमान मिळते. फरक इतकाच, की सायकलची साखळी निसटली तर माणूस रस्त्याच्या कडेला उतरून ती बसवू शकतो.

काही महिन्यांपूर्वी या भाच्याचा रात्री दूरध्वनी आला. प्रकृतीची विचारपूस झाल्यावर तो म्हणाला, "मामा, तुम्ही कायदा शिकलात म्हणून विचारतो. शनिवारी मी हाती आलेले विमान सोडून दिले. माझे चुकले का?"

हकीकत अशी होती. शनिवारच्या तीन तासांसाठी त्याने एक चार आसनी विमान ठरविले होते. खोलीवर त्याच्याबरोबर राहणारा हैदराबादचा एक मित्र सोबत येणार होता. ज्या शाळेचे विमान, तिच्या कचेरीत भाडेकऱ्याच्या हाती एक छापील तक्ता देतात. वार्षिक तपासणी केव्हा झाली, पुढची केव्हा, इंजिनाचे तास किती झाले, अशी माहिती त्यात असते. त्या दिवशीच्या तक्त्यात एक रकाना कोरा होता. विमानाची ओळख आणि उंची जमिनीवरच्या रडारला कळविणारे ट्रान्स्पाँडर नावाचे जे यंत्र असते, त्याच्या तपासणीची तारीखच लिहिलेली नव्हती. त्या परिसरातील आकाशात हे यंत्र चालू असल्याशिवाय जाता येत नाही, आणि मागील चोवीस महिन्यांत त्याची तपासणी झालेली नसेल तर ते वापरता येत नाही, असा तेथील नियम आहे. भाच्याने मूळ नोंदवही पाहावयास मागितली. खिडकीवरच्या माणसाने सांगितले, की वह्या कपाटात आहेत, कपाटाची किल्ली मेकॅनिकपाशी आहे आणि मेकॅनिक सोमवारी येईल. हेच विमान काल पाच जणांनी नेले आणि एकानेही वही मागितली नाही. भाचा गेला नाही. ऐनवेळी विमान नाकारल्याबद्दल त्याला दंड भरावा लागला, मित्र दोन दिवस बोलला नाही, आणि ज्या शिक्षकाविषयी त्याला आदर आहे त्यांनीही सांगितले, की विमान शाळेचे आहे तेव्हा काळजीही शाळेची. भाडेकऱ्याने उगाच मेकॅनिकचा आव आणू नये.

आम्ही त्याला तत्काळ म्हटले, "चुकले नाही रे तुझे. झोप स्वस्थ." परंतु दूरध्वनी ठेवल्यावर आमच्या ध्यानात आले, की हे उत्तर मामाने दिले होते, वकिलाने नव्हे. वकिलाने उत्तर द्यावयाचे तर प्रथम प्रश्न नीट मांडला पाहिजे. दुसऱ्याच्या मालकीची, दुसऱ्याने राखलेली, दुसऱ्याने तपासलेली वस्तू आपण पैसे मोजून काही तास वापरतो. ती वस्तू सदोष असेल तर दोष कोणाचा? आणि ती सदोष नाही ना, हे पाहण्याचे कर्तव्य कोणाचे? हे दोन प्रश्न एकच आहेत असे वरवर वाटते. ते एक नाहीत, आणि त्यांची गल्लत केल्यानेच बहुतेक माणसे स्वतःस निर्दोष समजून स्वस्थ झोपतात.

अमेरिकेच्या विमानचालन नियमांत या बाबतीत जे सांगितले आहे, ते आम्ही पुढील काही दिवसांत चाळून पाहिले. त्यातील ९१ व्या भागात एके ठिकाणी (९१.४०३) म्हटले आहे, की विमान उड्डाणयोग्य स्थितीत राखण्याची प्राथमिक जबाबदारी मालकाची अथवा ते चालविणाऱ्या संस्थेची आहे. त्याच भागात दुसऱ्या ठिकाणी (९१.७) म्हटले आहे, की विमान उड्डाणयोग्य नसेल तर ते कोणीही चालवू नये, आणि ते सुरक्षित उड्डाणाच्या स्थितीत आहे की नाही हे ठरविण्याची जबाबदारी विमानप्रमुखाची आहे. त्याच्याही आधी (९१.३) विमानप्रमुख हा त्या विमानाच्या चालनास साक्षात जबाबदार असून अंतिम अधिकारही त्याचाच, असे सांगून ठेवले आहे. उड्डाणयोग्य या शब्दाचीही त्यांनी व्याख्या केली आहे. विमान ज्या मंजूर आराखड्यानुसार बनले त्याच्याशी ते आजही जुळले पाहिजे आणि सुरक्षितपणे चालण्याच्या स्थितीतही असले पाहिजे. या दोन्ही गोष्टी असतील तरच ते उड्डाणयोग्य.

भाच्याचे शिक्षक पहिल्या नियमावर बोट ठेवीत होते आणि भाचा दुसऱ्या नियमावर. दोघांचेही म्हणणे खरे होते. ज्यांना हे परस्परविरुद्ध वाटेल त्यांनी जबाबदारी ही भाकरीसारखी कल्पिलेली असते: मालकाने मोठा तुकडा घेतला, तेव्हा वैमानिकाच्या वाट्यास उरला तो लहान. परंतु आमच्या धंद्यात जबाबदारीची दुसरी एक कल्पना नित्याची आहे. १८७२ च्या करार अधिनियमाच्या ४३ व्या कलमाप्रमाणे तिघांनी मिळून ऋण फेडण्याचे वचन दिले असेल, आणि विरुद्ध ठरलेले नसेल, तर धनको त्या तिघांपैकी कोणाही एकाकडून सगळे ऋण वसूल करू शकतो. "माझा तिसरा हिस्सा घ्या आणि मला सोडा" असे त्याला म्हणता येत नाही. धनकोच्या दृष्टीने प्रत्येक जण पूर्ण रुपयाचा ऋणको आहे. नंतर त्या तिघांनी आपापसांत काय वाटणी करावयाची ती करावी. विमानाच्या बाबतीत धनको कोण? तर मागच्या आसनावर बसलेला तो हैदराबादचा मित्र. त्याला सुरक्षितता पुरी मिळाली पाहिजे. मालकाच्या वाट्याची सत्तर टक्के आणि वैमानिकाच्या वाट्याची तीस टक्के अशी ती त्याला मिळून भागत नाही.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. वैमानिक हा मेकॅनिक नव्हे. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे, हे त्याला उड्डाणापूर्वीच्या अर्ध्या तासात कळणे शक्य नाही. पंखाखालचे स्क्रू, टायर, तेलाची पातळी, इंधनातील पाणी हे तो पाहील. मुळात उघडून पाहण्याचा त्याला अधिकारही नसतो. मग जे त्याला कळूच शकत नाही त्याबद्दल त्याला जबाबदार धरणे अन्याय्य नव्हे काय?

याचे उत्तर नोंदवहीत आहे. विमानाची, इंजिनाची आणि पंख्याची अशा वेगवेगळ्या वह्या ठेविल्या जातात. बारा महिन्यांतून एकदा वार्षिक तपासणी झालीच पाहिजे, आणि ती करून विमानास सेवेत परत आणण्याचा विशेष अधिकार ज्याला दिलेला आहे त्यानेच ती मंजूर केली पाहिजे. एखादे काम झाले की त्याचे वर्णन, तारीख, करणाऱ्याची सही आणि त्याच्या परवान्याचा क्रमांक वहीत येतो. एखाद्या जातीच्या विमानात धोक्याचा दोष आढळला तर शासन आदेश काढते आणि तो पाळल्याची नोंद वहीत करावी लागते. सेस्ना जातीच्या लहान विमानांत वैमानिकाचे आसन ज्या रुळांवर पुढेमागे सरकते, त्या रुळांची वारंवार तपासणी करण्याचा असाच एक आदेश आहे. विमान वर चढत असताना ते आसन एकाएकी मागे सरकले तर वैमानिकाचा हात स्वाभाविकच समोरचे चाक घट्ट धरतो, विमानाचे नाक वर उचलले जाते आणि पुढचे सांगावयास नको. रुळ झिजला की नाही हे वैमानिकाला ओळखता येईलच असे नाही. परंतु तो कोणी, केव्हा तपासला, याची नोंद मात्र ज्याला वाचता येते अशा कोणालाही पाहता येते.

तेव्हा वैमानिकाकडे इंजिनाचे ज्ञान मागितलेले नाही. ज्याला ते ज्ञान आहे त्याने आपले नाव त्याखाली घातले आहे की नाही, एवढे पाहणे त्याच्याकडे मागितले आहे. अशिक्षित मनुष्य दस्तऐवजातील मजकूर समजू शकत नाही, तथापि साक्षीदारांच्या सह्या आहेत की नाहीत हे तो मोजू शकतो. तसलेच हे कर्तव्य आहे. ते लहान आहे, त्याला अर्धा तास लागतो, आणि म्हणूनच ते टाळण्यास सबब उरत नाही.

याही पुढे जाऊन त्या नियमांतील एक चमत्कारिक गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. दर शंभर तासांनी तपासणी करण्याचा जो नियम आहे, तो भाडे घेऊन माणसे वाहून नेणाऱ्या विमानास, अथवा जो विमान पुरवितो तोच मोबदला घेऊन शिक्षणही देतो अशा विमानास लागू होतो. तेच विमान कोणी भाड्याने घेऊन स्वतः नेले तर त्या उड्डाणास हा नियम लागत नाही. म्हणजे इंजिन तेच, तास तेवढेच, आकाशही तेच. पण शाळेचा शिक्षक शेजारी बसला तर उड्डाण बेकायदेशीर आणि मित्र शेजारी बसला तर कायदेशीर. यास कायद्याची कारणे आहेत आणि ती समजण्यासारखी आहेत. परंतु यावरून एवढे स्पष्ट व्हावे, की "बेकायदेशीर नाही" हे उत्तर "योग्य आहे काय?" या प्रश्नाला पुरत नाही. कायद्याने आखलेली रेघ इंजिनाला दिसत नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भाच्याच्या आधी पाच जणांनी ते विमान नेले. त्यांनी वही पाहिली नाही. शाळेवर त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. त्यांच्या मनात कपट नव्हते. त्यांनी सद्भावाने कृत्य केले असे म्हणता येईल काय?

सद्भाव या शब्दाच्या आपल्या कायद्यात दोन व्याख्या आहेत. वकिली शिकू लागलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्या पाठ असतात. पण त्यांतील नैतिक भेदाचा विचार आम्ही स्वतः तरी फार उशिरा केला. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमाप्रमाणे जे कृत्य वस्तुतः प्रामाणिकपणे केले ते सद्भावाने केले असे समजावयाचे, मग ते करताना हयगय झाली असो वा नसो. याच्या उलट १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ५२ व्या कलमाने सांगितले होते, की योग्य ती काळजी आणि लक्ष यांवाचून केलेले कृत्य अथवा बाळगलेली समजूत सद्भावाची म्हणताच येणार नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिनेही हीच व्याख्या कायम ठेविली आहे.

एक व्याख्या मनात डोकावून पाहते आणि तेथे खोटेपणा नाही असे दिसले की समाधान पावते. दुसरी विचारते, की ती समजूत तुझ्या मनात आली कोणत्या वाटेने? पैसे, पावत्या, हुंड्या यांच्या व्यवहारात पहिली व्याख्या चालावी हे समजू शकते. तेथे प्रत्येकाने प्रत्येक कागदाच्या मुळाशी जावे म्हटले तर बाजार बंद पडेल. परंतु जेथे दुसऱ्याच्या शरीराला इजा होण्याचा प्रश्न आहे, तेथे कायदेकर्त्यांनी दुसरी व्याख्या घातली. प्रामाणिक निष्काळजीपणाने मेलेला मनुष्य अप्रामाणिक निष्काळजीपणाने मेलेल्या मनुष्याइतकाच मेलेला असतो.

त्याच धर्तीवर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने ज्ञान कशाला म्हणावे हेही सांगितले आहे. एखादी गोष्ट माणसाला प्रत्यक्ष माहीत असेल तर त्याला तिची जाणीव होतीच; परंतु जी चौकशी त्याने करावयास पाहिजे होती ती त्याने जाणूनबुजून टाळली नसती, किंवा ढळढळीत हयगय केली नसती, तर जी गोष्ट त्याला कळली असती, तिचीही त्याला जाणीव होती असेच कायदा धरून चालतो. "मला ठाऊक नव्हते" या वाक्याने आपण जे सांगतो त्यात दोन अगदी भिन्न गोष्टी लपलेल्या असतात. एक, कळण्याचा मार्गच नव्हता. दुसरी, मार्ग होता पण त्या वाटेने गेलो नाही. पहिल्यात निर्दोषता आहे. दुसऱ्यात फक्त आराम आहे.

हे सारे आम्ही एखाद्या त्रयस्थाप्रमाणे लिहीत आहो असे वाचकांनी समजू नये. आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आले. लहानसे घर विकत घ्यावयाचे होते, आणि त्याचा हक्क निर्वेध आहे की नाही हे आम्ही पाहून द्यावे अशी त्यांची विनंती होती. विकणारा गावातील परिचित. त्याच घराविषयी एका जाणत्या वकिलाने दीड वर्षापूर्वी कर्जाच्या कामी तीस वर्षांचा शोध घेऊन अहवाल दिलेला होता. तो आम्हांस दाखविण्यात आला आणि तो उत्तम होता. गुरुजींना अक्षय्य तृतीयेच्या आत खरेदीखत पाहिजे होते. मधल्या दीड वर्षाचा बोजाचा दाखला काढण्यास चार दिवस लागले असते. आम्ही तो काढला नाही. ज्यांनी पूर्वीचे पाहिले ते आमच्याहून ज्येष्ठ, विकणारा भला माणूस, आणि दीड वर्षात काय होणार? आम्ही निर्वेध हक्काचे पत्र सही करून दिले आणि त्याचे शुल्कही घेतले.

त्या दीड वर्षात त्या भल्या माणसाने घर गहाण टाकले होते. गहाणखत नोंदलेले होते, म्हणजे ज्याला पाहावयाचे त्याच्यासाठी ते कचेरीच्या दप्तरात उघडे होते. गुरुजींच्या निवृत्तीच्या पैशांतील मोठा भाग ते गहाण सोडविण्यात गेला. आम्ही त्यांचे पुढील काम विनाशुल्क चालविले आणि आमच्या परीने भरपाईही केली; परंतु ते बाजूला ठेवू. आम्हांस जे विसरता येत नाही ते त्यांचे एक वाक्य आहे. रागावून बोलण्याचा त्यांना हक्क होता, पण ते शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, मला दस्तऐवज वाचता येत नाहीत म्हणून तर तुमच्याकडे आलो होतो."

त्यांनी आमच्यावर जो विश्वास टाकला होता त्याचा अर्थ त्या दिवशी आम्हांस कळला. आम्ही विश्वासू माणूस आहो, एवढ्यावर तो टाकलेला नव्हता. आम्ही पाहू, या समजुतीवर टाकलेला होता. आणि आम्ही न पाहता तोच विश्वास पुढे दुसऱ्या वकिलाच्या खांद्यावर ढकलून मोकळे झालो होतो. विमानात बसणारा मित्रही वैमानिकावर असाच विश्वास टाकतो. त्याने शाळेचा कारभार पाहिलेला नसतो, मेकॅनिकचे नाव ऐकलेले नसते, वही मागावी हे त्याच्या स्वप्नातही नसते. त्याच्यासाठी मागणारा एकच माणूस आहे, आणि तो डाव्या आसनावर बसतो.

इंग्रज गणितज्ञ आणि तत्त्वचिंतक विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली विश्वासाच्या नीतीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाचे उदाहरण आहे. जहाज जुने झालेले आहे, दुरुस्ती मागते आहे, हे त्याला आतून वाटत असते. पण इतक्या सफरी निर्विघ्न झाल्या, तेव्हा हीही होईल, असे स्वतःला समजावीत तो ती शंका मारून टाकतो, परदेशी स्थायिक होण्यास निघालेल्या कुटुंबांनी भरलेले जहाज पाठवितो आणि ते बुडते. क्लिफर्डचा निष्कर्ष असा, की मालकाची श्रद्धा खरी असली तरी तो दोषी आहे, कारण त्या श्रद्धेवर त्याचा अधिकारच नव्हता. ती त्याने चौकशीने मिळविली नव्हती. आणि पुढे तो म्हणतो, की जहाज सुखरूप पोहोचले असते तरीही मालक तितकाच दोषी ठरला असता. कृत्य बरे की वाईट हे ते करतानाच ठरून जाते; समुद्राच्या लहरीवर ते अवलंबून नसते.

"काल पाच जणांनी नेले" हे वाक्य याच जातीचे आहे. पाच उड्डाणे सुखरूप झाली याचा अर्थ वही बरोबर आहे असा होत नाही. तो इतकाच होतो, की पाच जणांनी वही पाहिली नाही.

विश्वास एका हातातून दुसऱ्या हातात सरकत गेला म्हणजे काय होते याचे एक दुःखद उदाहरण अमेरिकेच्या अपघात चौकशीच्या दप्तरात आहे. २६ ऑगस्ट २००३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील हायानिस येथून बीचक्राफ्ट १९०० डी जातीचे एक विमान उडाले. त्याच्या शेपटीतील समतोल साधणाऱ्या पट्टीची तार नुकतीच बदललेली होती, आणि ती उलटी बसली होती. वैमानिक चाक फिरवी एका दिशेने, पट्टी वळे दुसऱ्या दिशेने. विमान थोड्याच वेळात समुद्रात कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने कारणे दिली ती अशी: तार चुकीची बसविली गेली आणि काम झाल्यावर तिची चाचणी नीट झाली नाही, वैमानिकांनी उड्डाणापूर्वीच्या यादीप्रमाणे तपासणी केली नाही, आणि उत्पादकाच्या पुस्तकातील आकृतीही चुकीची होती. पुस्तक लिहिणाऱ्याने मेकॅनिकवर, मेकॅनिकने पुस्तकावर आणि वैमानिकांनी मेकॅनिकवर भरवसा ठेवला. दोष सर्वांचा होता आणि अंतिम मोल दोघांनी दिले. साखळीतील शेवटचा मनुष्य सर्वांत अधिक दोषी असतो असे आम्ही म्हणत नाही. त्याच्यानंतर पाहणारा कोणी उरत नाही, एवढेच म्हणतो. आणि त्याच्या कर्तव्याला जी विशेष धार येते ती यामुळेच.

यावर शेवटचा आक्षेप सभ्यतेचा आहे. प्रत्येकाने प्रत्येकाची वही मागितली तर माणसामाणसांतील विश्वास उरेल काय? वही मागणे म्हणजे समोरच्याला लबाड म्हणणे नव्हे काय? आपल्या समाजात तर हा आक्षेप फार बोचतो. मित्राला उसने पैसे देऊन चिठ्ठी मागणे आपल्याला जड जाते. भावाभावांत वाटणीचा कागद करा म्हटले की घरातील वडील मंडळींना ते लागते. आणि पुढे वीस वर्षांनी तेच भाऊ आमच्या कचेरीच्या बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसतात. चिठ्ठीने मैत्री मोडल्याची उदाहरणे आम्ही फार पाहिली नाहीत. चिठ्ठी नसल्याने मोडल्याची पुष्कळ पाहिली. ज्याने नोंद नीट ठेविली आहे त्याला ती दाखविण्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. नोंद ठेविली जाते तीच मुळी कोणी विचारील म्हणून.

या कर्तव्याला सीमा आहे, हेही सांगितले पाहिजे. नाही तर ते कर्तव्य न राहता भयगंड होईल. वहीच खोटी असेल, न केलेल्या कामाखाली कोणी सही ठोकली असेल, तर ते वैमानिकाला कळणे शक्य नाही आणि त्याचा दोषही त्याला लागत नाही. अमेरिकेतील न्यायाधिकरणानेही १९९२ सालच्या एका निर्णयात अशीच मर्यादा घातली आहे. काम दुसऱ्याचे असेल, ते स्वतः पडताळण्याचे बंधन अथवा साधन वैमानिकाकडे नसेल, आणि दुसऱ्याच्या कामाविषयी शंका येण्यास त्याला कारणही नसेल, तर त्याने ठेवलेला भरवसा रास्त मानावयाचा. या तीन अटी वाचकांनी पुन्हा वाचाव्यात. भाच्याच्या बाबतीत बंधन होते, साधन होते, आणि कोऱ्या रकान्याने शंकेचे कारणही हाती दिले होते. आमच्या बाबतीतही तिन्ही होते. भाच्याने ते ओळखले, आम्ही ओळखले नाही. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. तोंड पोळण्याआधी दूध फुंकणारे थोडे असतात, आणि त्यांना जग भित्रे म्हणते.

या कथेचा शेवटही सांगून टाकतो, कारण तो लपविल्यास आमचा युक्तिवाद लबाडीचा ठरेल. सोमवारी मेकॅनिक आला. त्याने कपाट उघडून वही भाच्यापुढे ठेविली. ट्रान्स्पाँडरची तपासणी चौदा महिन्यांपूर्वी झालेली होती, सही होती, क्रमांक होता. कचेरीतील तक्त्यावर तारीख उतरवून घेण्याचे तेवढे राहून गेले होते. म्हणजे विमान शनिवारीही अगदी निर्दोष होते. तीन तास गेले, दंड गेला, मित्राशी अबोला झाला, आणि हाती काही लागले नाही. भाचा हे सांगताना थोडा ओशाळला होता. "म्हणजे मामा, मी उगाचच थांबलो."

या वेळी आम्ही मामा म्हणून उत्तर दिले नाही. आम्ही त्याला गुरुजींची गोष्ट सांगितली. ती आम्ही घरात कोणास सांगितलेली नव्हती. मग म्हटले, "त्या दीड वर्षात गहाणखत झालेच नसते, तर आम्ही आजही स्वतःला काळजीपूर्वक काम करणारा वकील समजत असतो. आणि तसे आम्ही नसतोच. शनिवारी तुला वही बरोबर आहे हे ठाऊक नव्हते. सोमवारी ठाऊक झाले. या दोहोंत जे अंतर आहे त्याचा तू दंड भरलास. तो महाग नाही."

तो काही वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, की मेकॅनिक मात्र नाराज नव्हता. उलट त्याने बाक ओढून त्याला शेजारी बसविले आणि मागील चार वर्षांच्या नोंदी एकेक करून समजावून सांगितल्या. आपले लिहिलेले कोणी वाचतो, याचे त्याला कौतुक वाटले असावे. त्या शनिवारनंतर भाच्याने ते विमान पुष्कळ वेळा नेले. हैदराबादचा मित्रही आता त्याच्याबरोबर जातो आणि निघण्यापूर्वी, थट्टेने का होईना, विचारतो, "वही पाहिलीस ना?"

गुरुजी अजून आहेत. त्या घरातच राहतात. रस्त्यात भेटले की नमस्कार करतात आणि आम्हीही करतो. आता मधल्या दीड दिवसाचा दाखलाही आम्ही सोडीत नाही. पण तो त्यांच्यासाठी नव्हता, आणि हे त्यांना आणि आम्हांला दोघांनाही ठाऊक आहे.